जॉर्ज सायमन ओहम

जॉर्ज सायमन ओहम (जन्म : १६ मार्च १७८९, एर्लांगेन, मृत्यू : ६ जुलै १८५४, म्यूनिक) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ व गणिताचे शिक्षक होते. तापमान स्थिर असताना धातूच्या तारेतून वाहणारी विद्युतधारा तारेच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते, हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. विद्युतरोधाच्या एककालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. तारेची लांबी, तिची जाडी आणि ती ज्या धातूची बनली आहे तो धातू, या तीन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे ती विजेला किती अडवील हे आधीच सांगता येते, असे त्यांनी प्रत्यक्ष मोजमापाने दाखवून दिले. घरातील दिव्याला कोणत्या मापाची तार पुरते आणि पाणी तापवण्याच्या गीझरला कोणती लागते, या आजच्या नित्याच्या हिशेबाचा पाया हाच आहे. हा शोध लागला तेव्हा ओहम एका शाळेत शिक्षक होते, आणि शोधाच्या मोबदल्यात त्यांना प्रथम मिळाली ती बेकारी.

बालपण व शिक्षण

ओहम यांचा जन्म आजच्या जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील एर्लांगेन या विद्यापीठाच्या गावी झाला. त्यांचे वडील योहान वोल्फगांग ओहम हे कुलपे घडवणारे कारागीर होते. आई मारिया एलिझाबेथ ही शिंप्याची मुलगी. घरात झालेल्या अनेक मुलांपैकी जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा अशी तीनच मुले जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली.

वडिलांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते. पण त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता. दोन्ही मुलांना त्यांनी घरीच गणित शिकवले. मुले पुढे एर्लांगेनच्या विद्यालयात जाऊ लागली, परंतु तेथील पाठांतराच्या शिक्षणापेक्षा वडिलांची शिकवणी कितीतरी सरस होती असे दोघा भावांच्या पुढील आयुष्यावरून म्हणावे लागते. मार्टिन ओहम हेही पुढे बर्लिन येथे गणिताचे प्राध्यापक झाले. कारागिराच्या घरात वाढल्यामुळे जॉर्जच्या हाताला धातूकामाचे वळण लागले. उपकरण स्वतः बनवण्याची आणि त्यातला दोष हातानेच शोधण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

१८०५ मध्ये ओहम यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला; पण तेथे त्यांचे मन अभ्यासापेक्षा नृत्य, बिल्यर्ड आणि बर्फावरील स्केटिंगच्या खेळात अधिक रमले. स्वतः शिकण्यासाठी आयुष्यभर धडपडलेल्या वडिलांना मुलाने ही संधी वाया घालवावी हे सहन झाले नाही. त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला धाडले. सप्टेंबर १८०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ओहम यांनी नीडाऊजवळील गोटश्टाट येथील एका शाळेत गणित शिकवण्यास प्रारंभ केला. त्यांच्या शिक्षकी पेशाची ही सुरुवात अशी शिक्षा म्हणूनच झाली.

१८०९ मध्ये त्यांनी ती शाळा सोडली व नॉयशाटेल येथे खाजगी शिकवण्या धरल्या. एर्लांगेनचे त्यांचे गणिताचे प्राध्यापक लांग्सडॉर्फ त्या वर्षी हायडेलबर्गला गेले. ओहम यांना त्यांच्यामागे तेथे जायचे होते. पण लांग्सडॉर्फ यांनी त्यांना विद्यापीठाच्या वाटेला न लागता ऑयलर, लाप्लास आणि लाक्र्वा यांचे ग्रंथ स्वतः वाचण्याचा सल्ला दिला. ओहम यांनी तो मानला. १८११ मध्ये ते एर्लांगेनला परतले आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

शिक्षकी पेशा

पदवीनंतर ते विद्यापीठात व्याख्याते झाले, पण त्या पदाला पुरेसे वेतन नव्हते आणि बढतीची आशाही नव्हती. तीन सत्रांनंतर त्यांनी ते सोडले. १८१३ मध्ये बव्हेरियाच्या सरकारने त्यांना बांबेर्ग येथील एका सामान्य दर्जाच्या शाळेत नेमले. ती शाळा १८१६ मध्ये बंद पडली आणि त्यांना त्याच गावच्या, आधीच गर्दी असलेल्या दुसऱ्या शाळेत मदतनीस म्हणून पाठवण्यात आले. या काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक पुस्तक लिहिले. विद्यार्थ्याने प्रमेये पाठ न करता ती स्वतः उभारावीत असा त्या पुस्तकाचा रोख होता.

११ सप्टेंबर १८१७ रोजी कोलोन येथील, पूर्वी जेझुइटांकडे असलेल्या विद्यालयात गणित व भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. येथे त्यांना दोन गोष्टी लाभल्या : शिकण्याची आवड असलेले विद्यार्थी आणि बरीच साधनसामग्री असलेली प्रयोगशाळा. पुढे मोठे गणिती म्हणून प्रसिद्ध झालेले डिरिख्ले हे याच शाळेत त्यांचे विद्यार्थी होते. ओहम शिकवण्याच्या वेळेव्यतिरिक्त लाग्रांज, लजांद्र, लाप्लास, प्वासाँ, फूरिये, फ्रेनेल या फ्रेंच गणितज्ञांचे व भौतिकशास्त्रज्ञांचे लेखन वाचत असत. १८२० मध्ये कोपनहेगनचे प्राध्यापक एर्स्टेड यांनी विद्युतधारेजवळ चुंबकसूची वळते असे जाहीर केले. तेव्हापासून ओहम यांचे लक्ष विजेकडे वळले. चुंबकसूचीच्या वळण्यावरून धारा मोजता येईल, हे या शोधातले खरे मर्म होते. मोजण्याचे साधन नव्हते तोवर तारेचा विजेवर काय परिणाम होतो हा केवळ चर्चेचा विषय होता.

तारांवरील प्रयोग

प्रश्न वरवर साधा होता. विद्युतघटाच्या दोन टोकांमध्ये आधी आखूड, मग लांब तार जोडली तर धारा किती कमी होते? या प्रश्नाला हात घालणारे ओहम हे पहिलेच नव्हते. इंग्लंडमधील हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये तारेची वाहकता तिच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात व काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या समप्रमाणात असते, तसेच तार तापली की तिची वाहकता घटते, असे दाखवले होते. फ्रान्समध्ये बेकरेल यांचे निष्कर्षही तसेच होते. मात्र तार, घट आणि बाकीचे मंडल या सर्वांना एकत्र बांधणारा नियम कोणालाच सापडलेला नव्हता.

१८२५ मध्ये ओहम यांनी आपला पहिला लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी तार लांब करीत गेल्यावर चुंबकसूचीवरील प्रभाव किती घटतो हे मोजले आणि त्यासाठी लघुगणकाचे एक सूत्र मांडले. ते सूत्र चुकीचे होते. दोष मोजण्यात नव्हता, विजेच्या उगमात होता. त्या काळचे विद्युतघट जोडताक्षणी जोरकस असत आणि काही वेळातच मंदावत. मंडल तोडून पुन्हा जोडले की पुन्हा उसळी घेत. तारेमुळे झालेली घट कोणती आणि घट मंदावल्यामुळे झालेली कोणती, हे वेगळे करणे अशक्य होते. घाईने छापलेल्या या लेखाचा ओहम यांना पुढे पश्चात्ताप झाला.

विज्ञानपत्रिकेचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सुचवले की रासायनिक घटाऐवजी झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधलेले तापयुग्म वापरून पाहावे. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांना ठेवले की त्यांच्यात विद्युतधारा निर्माण होते. ती क्षीण असते खरी, पण तापमाने स्थिर असतील तर तीही स्थिर राहते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे युग्म बनवले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही टोकांचे तापमान ढळत नाही. एवढ्या साध्या युक्तीने त्यांना जगातील त्या वेळचा सर्वांत विश्वासार्ह विद्युतउगम मिळाला. धारा मोजण्यासाठी त्यांनी सोन्याच्या चपट्या तारेला चुंबकसूची टांगली. सूची वळली की वरची चकती फिरवून, तारेला पीळ देऊन, ती मूळ जागी आणायची आणि किती पीळ द्यावा लागला तो आकडा टिपायचा, अशी पद्धत होती. पीळ जेवढा अधिक, तेवढी धारा अधिक.

जानेवारी १८२६ मध्ये त्यांनी तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांची जाडी सारखीच, म्हणजे एका रेषेचा सात-अष्टमांश होती (रेषा म्हणजे त्या काळच्या इंचाचा बारावा भाग). लांबी मात्र अनुक्रमे २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. पहिल्या दिवशी दोन इंचाच्या तारेला पीळ आला ३२६ पूर्णांक तीन-चतुर्थांश, तर १३० इंचाच्या तारेला ४८ पूर्णांक एक-द्वितीयांश.

या दोन आकड्यांकडे नीट पाहिले म्हणजे ओहम यांची खरी कामगिरी कळते. तार पासष्ट पट लांब झाली, तरी धारा पासष्ट पटीने घटली नाही. जेमतेम सातव्या हिश्श्याइतकी उरली. म्हणजे लांबी दुप्पट की धारा निम्मी, हा सरळ नियम येथे लागू पडत नव्हता. ओहम यांच्या ध्यानात आले की अडवणारी वस्तू केवळ ही तार नव्हे. तापयुग्माचा धातू, जोडणीच्या पट्ट्या, हे सारे मंडलही विजेला अडवते. तेव्हा त्यांनी तारेच्या लांबीत एक ठरावीक संख्या मिळवली. ती संख्या म्हणजे उरलेले सर्व मंडल त्याच तारेच्या किती इंचांएवढे अडवते त्याचे माप. त्यांच्या मांडणीत ती सव्वावीस इंच आली. एक ठरावीक अंक, ७२८५, घेऊन त्याला तारेची लांबी व सव्वावीस यांच्या बेरजेने भागले की पीळ मिळतो. दोन इंचाच्या तारेसाठी हे उत्तर सुमारे ३२७ येते आणि १३० इंचासाठी साडेअठ्ठेचाळीस. मधल्या तारांचे आकडेही थोड्याफार फरकाने जुळतात. विद्यार्थ्यांनी हा भागाकार स्वतः करून पाहण्यासारखा आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा प्रयोग कागद-पेन्सिलीने पडताळण्याची अशी संधी क्वचितच मिळते. भागाकारातील ७२८५ हा अंक उगमाच्या जोराचे माप होता आणि खालची बेरीज ही एकूण रोधाचे. ओहमचा नियम प्रथम या रूपात अवतरला.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी जाडी व धातू यांचाही सूत्रात समावेश केला. तार जेवढी लांब तेवढा रोध अधिक. काटछेदाचे क्षेत्रफळ जेवढे मोठे तेवढा तो कमी. आणि प्रत्येक धातूचा आपला एक स्वतंत्र गुणक. निरनिराळ्या धातूंच्या तारांची तुलना करून त्यांनी वाहकतेची एक यादीही दिली होती. तीत तांब्याला पहिले स्थान आणि चांदीला बरेच खालचे होते. आज चांदी ही सर्वोत्तम वाहक मानली जाते. नियम शोधणाऱ्याच्या यादीतही असा दोष राहावा, यावरून त्या काळी एकसारखी व शुद्ध तार मिळवणे किती अवघड होते याची कल्पना येते.

ग्रंथ आणि उपेक्षा

या कामासाठी ओहम यांना शाळेतून अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा मिळाली आणि ते बर्लिनला भाऊ मार्टिन यांच्याकडे राहिले. १८२७ मध्ये तेथे त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विद्युतमंडलाचा गणिती विचार हा त्याचा विषय. फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णता धातूतून कशी वाहते याचे गणित मांडले होते. ओहम यांनी त्याच धर्तीवर विजेचे गणित बसवले. जसा तापमानातील फरक उष्णतेला पुढे ढकलतो, तसा विद्युतदाबातील फरक विजेला ढकलतो, अशी त्यांची कल्पना होती.

या ग्रंथाच्या बळावर एखाद्या विद्यापीठात जागा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. बर्लिनच्या एका समीक्षापत्रात पोल या भौतिकशास्त्रज्ञाने ग्रंथावर कठोर टीका केली. त्या वेळी प्रशियात हेगेल यांच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव मोठा होता आणि निसर्गाचे ज्ञान आकडेमोडीपेक्षा तत्त्वचिंतनाने होते असे मानणाऱ्यांचा शिक्षणखात्यातही वरचश्मा होता. साऱ्या जर्मनीने ओहम यांची टर उडवली, असे चित्र लोकप्रिय पुस्तकांतून रंगवलेले आढळते; ते अतिरंजित आहे. बहुतेकांनी टीकाही केली नाही, केवळ दुर्लक्ष केले. काही अंशी याला ग्रंथाची मांडणीही कारणीभूत होती. आठ तारांचा तो स्वच्छ प्रयोग पुढे ठेवण्याऐवजी ओहम यांनी समीकरणांना अग्रस्थान दिले, आणि प्रयोग करणाऱ्यांना गणित कळेना, गणित जाणणाऱ्यांना प्रयोगात रस नव्हता.

मार्च १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या शाळेचा राजीनामा दिला. वय एकोणचाळीस. हाती कायमची नोकरी नाही. पुढची पाच वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये सैनिकी शाळेत गणिताचे तुटपुंजे अध्यापन करून काढली. ज्या प्रयोगशाळेत नियम सापडला ती कोलोनमध्ये मागे राहिली होती.

मान्यता

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले व १८३९ मध्ये ते त्या संस्थेचे प्रमुख झाले. हीच संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. दरम्यान लाइपत्सिगचे फेखनर आणि सेंट पीटर्सबर्गचे लेंत्स यांनी त्यांचा नियम प्रयोगांनी पडताळून स्वीकारला होता. फ्रान्समध्ये पूये यांनी १८३७ च्या सुमारास तोच नियम स्वतंत्रपणे मांडला, त्यामुळे मूळ शोध कोणाचा याची चौकशी सुरू झाली आणि ओहम यांचा ग्रंथ पुन्हा उघडला गेला. १८४१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले व पुढील वर्षी आपले परदेशी सभासद करून घेतले. चौदा वर्षांनी आलेला हा पहिला मोठा सन्मान परक्या देशातून आला. १८४३ मध्ये व्हीट्स्टन यांनी आपल्या व्याख्यानातून रोध मोजण्याच्या पद्धती मांडताना ओहम यांच्या नियमाचा पुरस्कार केला. नव्याने उभ्या राहणाऱ्या तारायंत्राच्या व्यवसायाला याच ज्ञानाची निकड होती.

१८४३ मध्येच ओहम यांनी ध्वनिशास्त्रातही एक नियम मांडला : कान संमिश्र ध्वनीचे विश्लेषण करून त्यातील शुद्ध स्वर वेगवेगळे ऐकतो. त्यावर वाद झाला, पण पुढे हेल्महोल्ट्झ यांनी त्याला बळकटी दिली. १८४५ मध्ये बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना सभासद केले. १८४९ मध्ये ते म्यूनिकला अकादमीच्या उपकरणसंग्रहाचे प्रमुख म्हणून गेले आणि तेथील विद्यापीठात व्याख्याने देऊ लागले. प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अध्यासन, ज्याची आस त्यांना तारुण्यापासून होती, ते त्यांना १८५२ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. दोनच वर्षांनी म्यूनिक येथे त्यांचा मृत्यू झाला. ते अविवाहित होते.

तारेच्या मापाचा हिशेब

कॅव्हेंडिश यांनी अठराव्या शतकातच स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांच्या तीव्रतेवरून असेच निष्कर्ष काढले होते. पण त्यांनी ते छापले नाहीत आणि मॅक्सवेल यांनी ते कागद १८७९ मध्ये प्रसिद्ध केले तोवर ते कोणाच्याच उपयोगी पडले नाहीत. ओहम यांच्या नियमाचा व्यवहारात उपयोग मात्र त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. १८४१ मध्ये जूल यांनी त्याला एक महत्त्वाची जोड दिली : तारेत निर्माण होणारी उष्णता रोधाच्या समप्रमाणात, पण धारेच्या वर्गाच्या समप्रमाणात असते. धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. तारेचे माप चुकले तर आग का लागते, याचे कारण या दोन नियमांच्या जोडीत आहे.

तारेचा व्यास दुप्पट केला की काटछेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि रोध चतुर्थांश. येथे नेहमी गोंधळ होतो, कारण डोळ्यांना व्यास दिसतो आणि विजेला क्षेत्रफळ कळते. शिवाय जुन्या गेज-क्रमांकांची रीत उलटी आहे. पूर्वी जाड तार लहान होत जाणाऱ्या छिद्रांमधून पुन्हापुन्हा ओढून बारीक करीत. जितक्या वेळा ओढली तितका क्रमांक मोठा. त्यामुळे क्रमांक वाढला की तार बारीक होते. ब्रिटनमध्ये १८८४ पासून एक प्रमाणित गेज कायद्याने लागू झाले व ते भारतातही रूढ झाले. महाराष्ट्रातील जुन्या वायरमनांच्या बोलण्यात अजूनही एक-अठरा, तीन-वीस, सात-वीस अशी मापे येतात. तीन-वीस म्हणजे वीस गेजच्या तीन तारांचा पीळ. वीस गेजच्या एका तारेचे क्षेत्रफळ सुमारे ०.६६ चौरस मिलिमीटर असते, म्हणून तीन-वीस सुमारे २ आणि सात-वीस सुमारे ४.६ चौरस मिलिमीटर भरते. अमेरिकी गेज याहून वेगळे आहे. त्यात तीन क्रमांक खाली आले की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. दोन्ही गेजांतील सारख्या क्रमांकाची तार एकच समजणे ही धोक्याची चूक होय. आता भारतात तारेच्या वेष्टनावर चौरस मिलिमीटरमध्येच माप छापलेले असते व तेच पाहावे.

एका उदाहरणाने फरक स्पष्ट होईल. ३ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर धारा घेतो. वितरण-पेटीपासून तो २० मीटर दूर असेल तर जाणारी व येणारी मिळून तार ४० मीटर होते. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर काटछेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअसला ०.०१७२ ओहम असतो. तेव्हा १ चौरस मिलिमीटरच्या तारेचा एकूण रोध ०.६९ ओहम येतो. तिच्यात सुमारे ९ व्होल्ट दाब गळतो आणि ११७ वॅट उष्णता भिंतीच्या आत तयार होते. हीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर गळती सव्वादोन व्होल्टवर येते आणि उष्णता २९ वॅटवर. त्यातच जाड तारेचा पृष्ठभाग मोठा असल्याने ती उष्णता सहज बाहेरही पडते. बारीक तारेचे उलट होते. ती तापते, तापल्यामुळे तिचा रोध वाढतो (तांब्यात दर अंशाला सुमारे ०.४ टक्के), आणि रोध वाढल्याने ती आणखी तापते. साध्या पीव्हीसी वेष्टनाला सतत ७० अंश सेल्सिअसपर्यंतच तापमान सोसते. एकाच नळीत अनेक तारा कोंबल्या, किंवा नळी उन्हाने तापणाऱ्या छपराखालून नेली, तर तारेची क्षमता तक्त्यातील आकड्याहून कमी धरावी लागते. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असल्याने तीच धारा नेण्यास त्याची तार अधिक जाड लागते.

फ्यूज किंवा एमसीबी बसवला की निश्चिंत झालो असा समज प्रचलित आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. हे साधन मुख्यतः तारेचे रक्षण करते, म्हणून त्याचा आकडा तारेच्या क्षमतेहून मोठा असता कामा नये. एमसीबी वारंवार पडते म्हणून तार तीच ठेवून अधिक अँपिअरची एमसीबी लावणे म्हणजे इशारा देणाऱ्याचे तोंड बंद करणे होय. अशा वेळी भार कमी करावा किंवा परवानाधारक तंत्रज्ञाकडून तार बदलून घ्यावी.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न अटलांटिक महासागराखालच्या तारेत उद्भवला. १८५८ च्या केबलमध्ये दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे होते. ती जेमतेम तीन आठवडे चालली. तिच्या नाशाला अतिउच्च दाबाचा वापर व सदोष वेष्टन ही कारणेही होती. १८६६ च्या यशस्वी केबलमध्ये तांबे ३०० पौंड करण्यात आले. अशा केबलमध्ये रोधाबरोबर वेष्टनाच्या विद्युतधारकतेचाही विचार करावा लागतो, आणि तो विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्विन) यांनी केला. तार किती जाड करणे परवडते याचाही नियम त्यांनीच १८८१ मध्ये दिला : तांब्यावरील खर्चाचा वार्षिक भार आणि तारेत वाया जाणाऱ्या विजेची वार्षिक किंमत ज्या जाडीला सारखी होते, ती जाडी सर्वांत किफायतशीर.

एककाचे नाव

१८६१ मध्ये क्लार्क व ब्राइट या तारायंत्र-अभियंत्यांनी विद्युत एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असे सुचवले. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककासाठी ओहम हे नाव स्वीकारले. रोधाच्या व्यस्त राशीला, म्हणजे वाहकतेला, केल्विन यांनी ओहमची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून म्हो असे गमतीचे नाव दिले होते; ते बरीच वर्षे चालले व नंतर त्या जागी सीमेन्स आले. १८९३ च्या शिकागो परिषदेत ओहमची व्याख्या पाऱ्यावरून ठरली : बर्फ वितळण्याच्या तापमानाला, सर्वत्र सारख्या काटछेदाच्या, १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या आणि १४.४५२१ ग्रॅम वजनाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध तो एक ओहम. धातूच्या तारा एकमेकींसारख्या निघत नाहीत, पारा मात्र शुद्ध करता येतो आणि नळीत कोठेही तोच राहतो, म्हणून त्याची निवड झाली.